हिश्शाकडून पगाराकडे : पहिले सालारजंग

हैदराबादला गेलेला मराठी पर्यटक सालारजंग संग्रहालय पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. संगमरवराच्या झिरझिरीत पदराआडून दिसणारा रिबेकाचा चेहरा तो डोळे भरून पाहतो, तासाचे ठोके देणाऱ्या घड्याळापुढे गर्दीत उभा राहतो आणि हे सारे जमवणारा सालारजंग मोठा शौकीन असला पाहिजे, असे म्हणत बाहेर पडतो. त्याचे म्हणणे खोटे नाही, पण ही प्रशस्ती मुख्यतः नातवाच्या वाट्याची आहे. संग्रह वाढवला तो तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांनी. आजोबांचा त्यातला वाटा थोडा. रिबेकाचा पुतळा मात्र त्यांनीच १८७६ साली रोममध्ये विकत घेतला होता. या आजोबांचे खरे काम काचेच्या कपाटात मांडता येण्याजोगे नव्हते. ते मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत, चावड्यांत आणि वसुलीच्या वह्यांत झाले. सरकारी माणसाला मोबदला कशाचा आणि कसा द्यावा, या प्रश्नाशी मीर तुराब अली खान ऊर्फ पहिले सालारजंग तीस वर्षे झुंजत राहिले.

हा प्रश्न आजही निकाली निघालेला नाही. केंद्राच्या सहाव्या वेतन आयोगाने २००८ साली कामगिरीशी निगडित प्रोत्साहन योजनेची शिफारस केली. सातव्या आयोगाने २०१५ च्या अहवालात त्यापुढे जाऊन, नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत ठरावीक पात्रता न गाठणाऱ्या कर्मचाऱ्याची वार्षिक वेतनवाढ थांबवावी, असे सुचवले. एका बाजूचे म्हणणे असे की, वर्षे मोजून पगार वाढत असेल तर कामाला हात कोण लावणार? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, कामगिरी मोजणारा साहेब आपल्या मर्जीतल्यांनाच गुण देईल, त्यापेक्षा ज्येष्ठतेची यादी बरी. वादात गृहीत असे धरले जाते की, ज्येष्ठता ही जुनी रीत आणि कामगिरीनुसार मोबदला ही नवी. मराठवाड्याचा महसुली इतिहास पाहिला की हे गृहीतक कोलमडते.

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूर तालुक्यातले वाटूर लागते. आज हे गाव जालना जिल्ह्यात आहे. १९८१ च्या मे महिन्यात तो जिल्हा झाला, त्यापूर्वी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता आणि त्याही आधी, १९४८ पर्यंत, हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. या भागात जमिनीची जुनी कागदपत्रे हाताळणाऱ्याला मुंतखब, फसली साल, गिरदावर, पेशकार हे शब्द अनोळखी नाहीत. ईशान्येला लोणार-मेहकरकडे वऱ्हाड सुरू होते. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामध्ये ही जी राज्यकारभाराची रेघ पडली, ती पगार थकल्यामुळे पडली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

मराठीत मोगलाई हा शब्द अनागोंदीसाठी रूढ झाला आहे. निजामाच्या मुलखाला आपल्याकडे मोगलाईच म्हणत आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या मुलखाने हा अर्थ पुरेपूर सार्थ केला. १८४३ पर्यंत राज्याची सूत्रे चंदूलाल यांच्या हाती होती. वसूल करण्याची पद्धत मक्त्याची होती. जो जास्त रक्कम देऊ करील, आगाऊ नजराणा भरील, त्याला तालुका मिळे. त्याने ठरलेली रक्कम खजिन्यात भरायची आणि वरचे आपल्याकडे ठेवायचे, किंवा वसुलीच्या रुपयामागे काही आणे कापून घ्यायचे. या तालुकदाराला पगार असा नव्हताच. जितका वसूल तितकी कमाई, हा हिशेब. कामगिरीनुसार मोबदल्याचे याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही.

तिचा परिणाम काय झाला, हे पाहण्यासारखे आहे. मक्ता आज आहे, उद्या कोणी जास्त बोली लावली तर जाणार, हे तालुकदाराला पक्के ठाऊक असे. तेव्हा दोन वर्षांत विहिरी खणून, तगाई देऊन, पडीक रान लागवडीला आणून पुढल्या दहा वर्षांचा वसूल वाढवावा, असा विचार त्याने का करावा? त्याचे हित एकाच गोष्टीत होते : या हंगामात जेवढे ओरबाडता येईल तेवढे ओरबाडणे. जेथे धान्यात वाटणी होई, तेथे सरकारी माणूस येऊन अंदाज करीपर्यंत पिकाला हात लावायची सोय नव्हती. मग ते उभ्याने झडो की पावसात कुजो. कुणब्याने गाव सोडले तर तोटा पुढच्या मक्तेदाराचा. खजिन्यात आलेला रुपया मोजला जात होता; ओस पडलेले गाव कोणी मोजत नव्हते. मोजमाप चुकीचे असले की हुशार माणूस अधिक घातक ठरतो.

हे रोखण्याचा एक प्रयत्न आधी झाला होता. १८२० नंतर रेसिडेंट असलेल्या चार्ल्स मेटकाफ यांनी गावोगावचा सारा काही वर्षांसाठी ठरवून दिला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला इंग्रज अधिकारी नेमले. १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आले आणि परक्यांची ही देखरेख त्यांनी काढून टाकवली. स्वाभिमानाच्या दृष्टीने ते रास्त होते. रयतेच्या दृष्टीने मागचेच दिवस परत आले. पुढे राज्य कर्जात इतके रुतले की तालुकेच्या तालुके अरब जमादारांकडे आणि सावकारांकडे गहाण पडले. मक्तेदाराच्या मागे निदान दिवाण असे. या मंडळींच्या मागे त्यांची स्वतःची फौज होती.

मीर तुराब अली खान यांचा जन्म १८२९ चा. घराणे दिवाणांचे. पणजोबा मीर आलम दिवाण, आजोबा मुनीर-उल-मुल्क दिवाण, काका सिराज-उल-मुल्क दिवाण. वडील लवकर वारल्यामुळे मुलाचे संगोपन आजोबांच्या आणि काकांच्या घरी झाले. फारसी-अरबीचे रीतसर शिक्षण झाले, इंग्रजीही त्यांनी शिकून घेतली. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास खम्मम भागात आठ महिने तालुकदारी करायला मिळाली. तो मुलूख पूर्वी डायटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सांभाळला होता आणि तेथे हिशेबाची घडी बरी होती. महसूल म्हणजे केवळ पैसे गोळा करणे नव्हे, तर कागद नीट ठेवणे, हे तरुण मीरसाहेब तेथे शिकले. आठ महिने हा काळ थोडा. पण राज्याच्या दिवाणांपैकी कितीजणांनी तेवढेही गावपातळीचे काम केले असेल, याची शंकाच आहे.

मे १८५३ मध्ये पगाराचा प्रश्न राज्याच्या मुळावर आला. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली असे. तिची एक छावणी जालन्यातच होती. तिचा पगार वर्षानुवर्षे थकला होता आणि कंपनीने तो आपल्या तिजोरीतून भागवून कर्जाचा डोंगर निजामाच्या नावावर चढवला होता. लॉर्ड डलहौसी यांनी त्याची वसुली म्हणून वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे मुलूख लिहून घेतले. तहावर सही झाल्यावर काही दिवसांतच सिराज-उल-मुल्क वारले आणि चोवीस वर्षांच्या पुतण्याला दिवाणगिरी मिळाली. येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. ज्याने राज्यात नोकरीचे नवे नियम घातले, त्याची स्वतःची नेमणूक ना ज्येष्ठतेने झाली ना कामगिरीने. ती घराण्यामुळे झाली. नशिबाने माणूस चांगला निघाला.

खजिना रिकामा, सुपीक वऱ्हाड हातचे गेलेले, शहरात अरब आणि रोहिले यांचा धाक. सालारजंग यांनी पहिल्यांदा गहाण तालुके सोडवायला घेतले. अरबांच्या दाव्यांसाठी न्यायालय बसवले, व्याजाचे हिशेब तपासले आणि पैसे चुकते करून एकेक तालुका परत ताब्यात घेतला. परत आलेल्या तालुक्यात मक्तेदार न बसवता दरमहा ठरलेल्या पगाराचा तालुकदार नेमायचा, हा त्यांचा नेम. वसूल कमी झाला म्हणून त्याचा पगार कमी होणार नव्हता, जास्त झाला म्हणून वाढणारही नव्हता. त्या काळच्या दरबाऱ्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटला असणार. हिस्सा नसेल तर माणूस वसुलीला बाहेर पडेलच कशाला?

योगायोग असा की, याच सुमारास, १८५४ मध्ये, इंग्लंडात नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांच्या अहवालाने सरकारी नोकरीत खुली परीक्षा आणि गुणांवर बढती यांची शिफारस केली. त्यापूर्वी कॉर्नवॉलिस यांनी कंपनीच्या नोकरांची खासगी कमाई बंद करून भरभक्कम पगार बांधून दिले होते आणि १७९३ च्या सनदेने मोठ्या जागा ज्येष्ठतेनुसार देण्याचे बंधन घातले होते. ज्येष्ठतेचा नियम आळशांच्या सोयीसाठी आला, असा आज समज आहे. वास्तविक लंडनच्या संचालकांच्या भाच्या-पुतण्यांना आणि गव्हर्नरांच्या लाडक्यांना आवर घालण्यासाठी तो आला. मेहेरबानीला तेवढाच एक अडसर होता.

सालारजंग यांच्यापुढची अडचण वेगळी होती. हैदराबादेत दफ्तरेच वंशपरंपरेची होती. राज्याचे मुख्य हिशेब दफ्तर-ए-दिवाणी आणि दफ्तर-ए-माल अशा दोन कचेऱ्यांत. पहिली मराठी ब्राह्मण असलेल्या रायरायां घराण्याकडे, दुसरी उत्तरेकडून आलेल्या कायस्थ मालवाला घराण्याकडे. कोणत्या गावचा आकार किती, कोणाची जहागीर कोठवर, हे या घराण्यांखेरीज कोणाला नीट ठाऊक नसे. कागद ज्याच्या घरात, सत्ता त्याच्या हातात. खेड्यात तीच जागा देशमुख-देशपांड्यांची. वसुलीवर त्यांचा रुसुमाचा हक्क चाले आणि मोडीतले हिशेब त्यांनाच लागत. सालारजंग यांनी या कोणाशीही थेट भांडण काढले नाही. त्यांनी नवा मध्यवर्ती खजिना आणि नवी हिशेबतपासणी शेजारी उभी केली आणि जुन्या दफ्तरांचे काम हळूहळू नोंदी जपण्यापुरते उरले. देशमुख-देशपांड्यांकडून वसूल गेला, हक्काचे पैसे मात्र चालू राहिले. अधिकार काढून घ्यायचा, मिळकत राहू द्यायची, ही त्यांची युक्ती. खर्चिक होती; पण बंड झाले नाही.

१८५७ आले. नासिरुद्दौला त्याच वर्षी वारले होते, गादीवर अफझलुद्दौला होते. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर हल्ला झाला. दिवाण इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले आणि दक्षिण शांत राहिली. हा निर्णय अनेकांना तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. १८५९ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला, १८६८ मध्ये पुन्हा. इंग्रजांनी १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर दुआब परत केले, पन्नास लाखांचे कर्ज सोडले. वऱ्हाड ठेवून घेतले. खुद्द निजामाने १८६१ आणि १८६७ मध्ये दिवाणांना काढण्याचा प्रयत्न केला, तो रेसिडेंटने चालू दिला नाही. परक्यांच्या आधारावर टिकलेला हा सुधारक होता, ही गोष्ट त्यांचे चरित्र लिहिताना झाकून ठेवता येत नाही.

मुख्य काम झाले ते १८६४ नंतर. आधी महसुलासाठी मंडळ नेमले, मग १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. राज्याचे विभाग, विभागांचे जिल्हे, जिल्ह्यांचे तालुके पडले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दोयम आणि सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार. प्रत्येकाचा दर्जा ठरलेला, पगार ठरलेला, कोणी कोणाला कागद पाठवायचा तेही ठरलेले. धान्याऐवजी रोख सारा सुरू झाला. न्याय, पोलीस, शिक्षण, बांधकाम ही खाती निराळी झाली आणि दशकाच्या अखेरीस त्यांच्यावर चार सदर-उल-महाम, म्हणजे मंत्र्यांसारखे अधिकारी, बसले. १८७० च्या दशकात मराठवाड्याच्या बाजूने मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली.

वाटूरसारख्या गावात याचा अर्थ काय होता? सरकारचा माणूस बदलला तरी सारा बदलत नाही, ही कल्पनाच तेथे नवी होती. ईशान्येला वऱ्हाडात इंग्रजांनी १८६१ पासून मोजणी करून तीस-तीस वर्षांचे दर बांधायला घेतले होते, कापसाला अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे भाव चढला होता आणि सरहद्दीवरच्या कुणब्याला दोन्ही राज्यांची तुलना रोज करता येत होती. हैदराबादच्या दिवाणालाही ती करावी लागत होती. वऱ्हाड परत मागायचे, तर आपला कारभार त्यांच्या तोडीचा आहे हे दाखवायला हवे, हा त्यांच्या सुधारणांमागचा एक हिशेब होता. अर्थात सुधारणा पोहोचली ती दिवाणी मुलखात. जहागिरी, पायगा आणि निजामाचा खासगी सर्फ-ए-खास हे तिच्या बाहेर राहिले. एका गावाला ठरलेला सारा आणि शिवेपलीकडच्या गावाला जहागीरदाराची मर्जी, असे चित्र मराठवाड्याने पुढे ऐंशी वर्षे पाहिले.

पगार ठरला, पण माणसे कोठून आणायची? जुनी घराणी नव्या हिशेबाला तयार नव्हती, उमरावांच्या मुलांना कचेरीत बसणे कमीपणाचे वाटे. सालारजंग यांनी बाहेर पाहिले. १८७३ मध्ये सय्यद हुसेन बिलग्रामी आले, १८७४ मध्ये मेहदी अली, म्हणजे पुढचे मोहसिन-उल-मुल्क, नंतर मुश्ताक हुसेन, म्हणजे विकार-उल-मुल्क, आणि चिराग अली. इंग्रजी राज्यात नोकरी केलेली, कायदा आणि हिशेब जाणणारी ही माणसे होती. त्यांना वरच्या जागा मिळाल्या, मोठे पगार मिळाले, आणि वर्षानुवर्षे कचेरीत घालवलेले स्थानिक कारकून आणि अधिकारी त्यांच्या खाली राहिले.

ज्या दिवाणाने वसुलीच्या हिश्शावरचा मोबदला मोडून काढला, त्यानेच माणसांची निवड करताना ज्येष्ठता बाजूला सारून गुण पाहिले, यात मला विरोध दिसत नाही. पैसा कामाच्या एका आकड्याला बांधायचा नाही आणि जागा मात्र लायकीला द्यायची, हे धोरण सुसंगतच आहे. पण लायकी ठरवणार कोण? हैदराबादेत याचे उत्तर एकच होते : सालारजंग. उमेदवारांसाठी परीक्षा नव्हती, निवडीचे लेखी निकष नव्हते, डावलल्या गेलेल्याला दाद मागायला जागा नव्हती. दिवाण निःपक्ष आणि कष्टाळू होते म्हणून ते तीस वर्षे निभावले. त्यांच्या डोळ्यादेखतच मुल्की आणि गैरमुल्की अशी फळी पडू लागली होती, आणि ती बुजवायची कोणती योजना त्यांनी मागे ठेवली नाही. एवढ्या कर्तबगार प्रशासकाच्या हातून हे राहून गेले, हे त्यांच्या कारभारातले सर्वांत मोठे न्यून म्हणावे लागेल.

१८६९ मध्ये अफझलुद्दौला वारले. वारस महबूब अली खान अडीच-तीन वर्षांचे होते, तेव्हा सालारजंग आणि शम्स-उल-उमरा यांनी राज्य चालवले. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादपर्यंत रेल्वे आली. १८७६ मध्ये सालारजंग इंग्लंडला गेले; वाटेत पॅरिसमध्ये पडून पाय दुखावला, तरी लंडनमध्ये सत्कार झाले, ऑक्सफर्डने सन्मानाची पदवी दिली. ज्यासाठी गेले होते ते वऱ्हाड मात्र मिळाले नाही. लॉर्ड लिटन यांना हा मागणीखोर दिवाण डोळ्यांसमोर नको होता आणि परतल्यानंतरची काही वर्षे त्यांना त्या नाराजीत काढावी लागली.

१८८३ च्या फेब्रुवारीत जर्मनीहून मेक्लेनबुर्गचे ड्यूक हैदराबादला पाहुणे आले होते. मीर आलम तलावावर त्यांच्यासाठी मेजवानी झाली. दुसऱ्याच दिवशी, ८ फेब्रुवारीला, पटकीने सालारजंग यांचा मृत्यू झाला. वय चोपन्न.

पुढे दिवाणगिरी मुलाकडे, मीर लायक अली यांच्याकडे गेली, म्हणजे पुन्हा घराण्याकडेच. त्यांच्या काळात, १८८४ पासून, कचेऱ्यांतली फारसी जाऊन उर्दू आली आणि फारसीत मुरलेल्या जुन्या मंडळींची सारी ज्येष्ठता एका हुकमाने निरुपयोगी झाली. मुल्की-गैरमुल्कीचा झगडा चालूच राहिला. तो निजामाच्या राज्याबरोबर संपला नाही. १९५२ मध्ये हैदराबाद आणि वरंगळच्या विद्यार्थ्यांनी त्याच मुद्द्यावर आंदोलन केले, १९६९ मध्ये तेलंगण त्यावरूनच पेटले. मराठवाडा तोवर महाराष्ट्रात आला होता. १९४८ नंतर औरंगाबाद-परभणीच्या कचेऱ्यांतले अव्वल तालुकदार जाऊन कलेक्टर आले, पाटी बदलली. जिल्हा, तहसील आणि महिन्याच्या महिन्याला पगार ही मांडणी मात्र तशीच राहिली.